कौशल्याबाईबद्दलचं एक वाक्य

१. ओट्यावरचे चौघे

कौशल्याबाईला तलावात बुडवून मारणाऱ्या चौघांनी पळून जाण्याची तसदी घेतली नव्हती. फौजदार उर्वशी लांजेवार मोहटोलीत पोचली तेव्हा ते समाजमंदिराच्या ओट्यावर बसून चहा पीत होते, आणि चहा पाजणाऱ्यांत पोलीस पाटीलही होता. धानाच्या रोवणीच्या दिवसांत इथं कोणी मोकळं बसत नाही. पण आज गावानं चौघांना सुट्टी दिली होती.

मोहटोली म्हणजे आसगावच्या पलीकडं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकलेली थोडी घरं. पाळीवर प्रेत झाकून ठेवलं होतं. बाहेर राहिलेल्या पायांना चिखल होता, तो धुवायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

"तुम्ही मारलं?" उर्वशीनं विचारलं.

"हाव," मोनू म्हणाला. चौघांत तो वयानं लहान. त्याचं पोरगं दवाखान्यात सलाइनवर होतं, आणि गावातली आणखी काही पोरंही तशीच जुलाबानं आडवी झाली होती. "पन आमच्या मनानं नाई, म्याडम. आमी पहिले इचारलं."

"कोणाला?"

मोनूनं हातातल्या कपानंच भिंतीकडं दाखवलं.

भिंतीवर एक हिरवी पेटी होती. तिला एक पडदा, एक बटण आणि वर पाटी: लोकज्ञान प्रतिष्ठान, तुमसर. बटण दाबून विचारायचं, की आतली बाई गोड आवाजात उत्तर द्यायची. धानावर करपा आला तर काय फवारावं, म्हैस आटली तर काय चारावं. धानावरच्या तुडतुड्या किडीच्या बाबतीत पेटी कधी चुकली नव्हती, त्यामुळं बाकीच्या बाबतीतही चुकणार नाही असं गावानं धरून ठेवलं होतं. शिकलेली माणसं डॉक्टरला शेअरबाजाराचं विचारतात, त्यातलाच प्रकार.

उर्वशीनं बटण दाबलं. "मोहटोलीतली मुलं आजारी का पडली?"

"करणीमुळे लहान मुले आजारी पडतात," पेटी तत्परतेनं म्हणाली. "मोहटोलीत कौशल्याबाई करणी करते. आपला दिवस चांगला जावो."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, की विहिरीत नालीचं पाणी उतरलंय. पण पेटीला ते कोणी सांगितलं नव्हतं.

गर्दीतून ताराबाई पुढं आली. वयामुळं तिला कोणालाही काहीही विचारायची मुभा होती. "आता बुढी गेली म्हनल्यावर पोट्टे बरे व्हाले पायजेत. नाई झाले, तं?"

सगळ्यांनी पेटीकडं पाहिलं. ताराबाईनं पुढं होऊन स्वतःच बटण दाबलं. "आता कोन करते वो करनी?"

"करणीची विद्या घरातल्या एका बाईकडून दुसरीकडे जाते," पेटी म्हणाली. "मोहटोलीत टीना करणी करते. आपला दिवस चांगला जावो."

टीना कौशल्याबाईची सून. ती मागं, जांभळीखाली उभी होती. गावानं एकदम मान वळवली, आणि मोनूनं कप खाली ठेवला.

२. तीन वड्या

त्या दिवशी आरोपींच्या आधी फिर्यादीला, म्हणजे टीनाला, गाडीत बसवावं लागलं.

वाटेत टीना एकच गोष्ट बोलली. "म्याडम, ते पेटी माह्याबद्दल जे म्हनते ते बंद झाल्याबिगर मी गावात जगत नाई. आन् गाव सोडून जाऊ कोठी? नवरा हैदराबादले सेंटरिंगच्या कामावर. त्याले फोन केला तं म्हने, पेटी काय म्हनते ते पहिले सांग."

उर्वशीच्या साहेबांच्या मते तपास संपला होता. आरोपी होते, कबुली होती, प्रेतही होतं. एका खुनात याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा. उर्वशीनं दोन दिवस मागून घेतले आणि टीनाला घेऊनच तुमसर गाठलं. तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्नच होता. ठाण्यात बाई बसलेली दिसली, की लोक तिला आरोपी समजतात.

लोकज्ञान प्रतिष्ठान एका राईस मिलच्या माडीवर होतं. पायऱ्यांवर कोंड्याचा थर होता, आत एसी. टीना दाराजवळच्या बाकावर टेकली. अध्यक्ष कृष्णराव हे निवृत्त प्राचार्य. त्यांनी आधी हळहळ व्यक्त केली आणि मग कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीची ताटली पुढं सरकवली.

"घ्या. मोहटोलीच्याच बचत गटाच्या आहेत. शुद्ध बेसन."

"तुम्ही?"

"मला साखर आहे."

सांभारवडीत साखर कोणी घालत नाही, हे उर्वशीला खूप नंतर, परतीच्या गाडीत सुचलं. त्या वेळी ती भुपेंद्रकडं पाहत होती. भुपेंद्र सेलोकर पेटीचा मेंदू सांभाळायचा, आणि ताटलीतल्या वड्याही त्यानंच मनावर घेतल्या होत्या. उर्वशी स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर. तिच्या वर्गातले निम्मे पोलिसांत गेले होते आणि उरलेले भरतीच्या वयातून बाद झाले होते. खरोखर कॉम्प्युटरवर बसलेला माणूस तिनं बऱ्याच वर्षांनी पाहिला.

"आमच्याकडं सगळी माहिती तीन तुकड्यांत असते, म्याडम." भुपेंद्रनं तीन वड्या ओळीत मांडल्या. "कोण, त्याचं काय, आणि कशाशी. 'तलाव', 'आहे', 'मोहटोलीत'. असे लाखो तुकडे. एकमेकांना जोडले की मशीन स्वतःच पुढचं काढते." त्यानं 'मोहटोलीत' तोंडात टाकली. "अडचण येते ते लोकांच्या म्हणण्याची. अमकी म्हणते, की कौशल्याबाई करणी करते. आता हे आपण म्हणून राहिलो का? नाही. अमकी म्हणून राहिली. तर त्या वाक्याला आधी एक नाव द्यायचं. मग त्या नावाखाली त्याचे तीन तुकडे लिहायचे, आणि मग ते म्हणालं कोण, ते. एका वाक्याच्या चार-पाच ओळी होतात. त्या म्हणण्याबद्दल कोणी अजून काही म्हटलं, तर तितक्याच आणखी."

"एवढा खटाटोप कशाला?"

"वाक्य अवतरणचिन्हांत राहते ना. मशीन ते ऐकते, पण खरं धरत नाही."

"आता खरं धरतंय."

भुपेंद्रनं कृष्णरावांकडं पाहिलं. कृष्णरावांनी पंख्याकडं पाहिलं. एसीच्या खोलीत तो बंदच होता.

"हळू झालतं," भुपेंद्र म्हणाला. "शिमग्याच्या आधी मुंबईचे देणगीदार येणार होते. सरांनी बटण दाबून पाहिलं, तर उत्तर येईपर्यंत चहा गार. सर म्हणाले, फास्ट करा. मी म्हटलं, एक चांगली रीत आहे. दर वाक्याला नंबर देऊ, म्हणणाऱ्याचं नाव त्याच ओळीत चौथ्या खान्यात ठेवू, शोधायची व्यवस्था नव्यानं बांधू. पण टाइम लागंल. सरांकडं टाइम नव्हता."

"मग?"

"मंग म्हणणारे काढून टाकले. आतलं वाक्य तेवढं ठेवलं." त्याच्या आवाजात कारागिराचा किंचित अभिमान आला. "लय फास्ट झालं, म्याडम."

"सगळ्या वाक्यांचं असंच केलं?"

"सगळ्या. प्रोग्रामच चालवला. माणसाचा हात नाही त्यात."

"हाच तर मुद्दा आहे," कृष्णराव म्हणाले. "यंत्राला आपपर भाव नसतो. मी तर त्यातली एक ओळ वाचलेली नाही. दुर्दैवी घटना आहे. पण दोषी म्हणाल, तर कोणीच नाही."

खुनाच्या तपासात हे वाक्य उर्वशीनं अनेकदा ऐकलं होतं. एवढ्या शुद्ध मराठीत मात्र पहिल्यांदाच.

"आणि हे वाक्य म्हणणारी अमकी कोण?"

"ते नाव तर उडालं," भुपेंद्र म्हणाला. "रिताला माहीत असंल. गावोगावी जाऊन बायांचं बोलणं तिनंच गोळा केलं."

बाकावर बसलेल्या टीनानं पदर तोंडावर ओढून घेतला. एसीचा गारवा लागला असेल, असं उर्वशीला वाटलं.

३. पेटीला जे माहीत नव्हतं

दुसऱ्या दिवशी टीनाला गाडीतच बसवून उर्वशी मोहटोलीत शिरली. रिताला तिनं तिथंच बोलावलं होतं. प्रतिष्ठानची ही नोकर बाई खरं तर गप्पा मारण्याचाच पगार घेत होती, आणि त्या पगाराला जागायची. बांधावर, कापणीत, विहिरीवर बायांच्या जोडीला बसून तिनं अख्खं गाव रेकॉर्ड केलं होतं.

"कौशल्याबाईबद्दल ते कोण म्हणालं?"

रिताची बडबड नळ बंद केल्यासारखी थांबली. "ते नाई सांगत मी."

"रिता, खून झालाय."

"म्हनूनच नाई सांगत."

उर्वशीनं तो धागा तिथंच सोडला आणि ताराबाईच्या ओसरीवर बसकण मारली. शेजारच्या दोघीतिघी जमल्याच होत्या. "रिताला तुम्ही काय काय सांगितलं, ते मलाही सांगा."

खून झालेल्या गावात बाया बोलत नाहीत, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मोहटोली पाहिलेली नाही.

"सेवकराम बायकोले भेते, हे मीनंच सांगतलं," ताराबाई म्हणाली. "माहा बुढा आयशी हाय, हेबी."

"भैयाजीचं सांग ना," दुसरी म्हणाली.

"ते तं साऱ्याच सांगतल्या. पान्याची पाळी दुसऱ्याची असली का भैयाजी तलावाचं दार, तुडुम, उघडते आन् पानी आपल्या धानाच्या बांधीत घेते. आन् त्याची बायको ललिताबाई, बचत गटाची अध्यक्षीन. वडीच्या बेसनात लाखोळीच्या डाळीचं पीठ मिसळते. लाखोळीनं पाय जातेत मान्साचे."

"तुम्ही खाता त्या वड्या?" उर्वशीनं रिताला विचारलं.

"मी? हट. मी कानानं आयकलं हाय ना." रिताचा नळ पुन्हा सुरू झाला. "हापिसात खाते तो भुपेंद्र, बिचारा. सर पहिले ताटलीच्या ताटली फस्त करत. शिमग्यापासून हात नाई लावत, साखर म्हने. पन पाहुन्यायले वाढते अजून."

"भुपेंद्रला सांगितलं नाही?"

"कोनालेच सांगाचं नाई. जे आयकलं ते पेटीत भराचं, बाहेर शब्द काढाचा नाई. सरायचाच नियम हाय. काढला तं नोकरी जाते."

उर्वशी उठून समाजमंदिरात गेली. मागोमाग बायाही आल्या.

"सेवकराम कसा आहे?"

"सेवकराम बायकोला भितो. आपला दिवस चांगला जावो."

"ताराबाईचा नवरा?"

"ताराबाईचा नवरा आळशी आहे." ताराबाईनं समाधानानं मान हलवली.

"तलावाचं पाणी कोण चोरतं?"

"अशी नोंद नाही."

"भैयाजी कसे आहेत?"

"भैयाजी प्रगतिशील शेतकरी आहेत."

"ललिताबाई वडीत काय घालतात?"

"ललिताबाई बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. आपला दिवस चांगला जावो."

बाया हसल्या. उर्वशी हसली नाही. प्रोग्राम सगळ्यांवर सारखाच चालला होता. पण सेवकराम कोण आणि भैयाजी कोण, हे प्रोग्रामला कळत नाही. ते कळायला माणूस लागतो. त्या माणसानं प्रोग्राम चालायच्या आधी एकेक वाक्य वाचलं होतं, आणि त्यातली दोन वेचून काढली होती.

म्हणजे कौशल्याबाईचंही त्यानं वाचलं होतं.

४. साखर

तुमसरच्या माडीवर या वेळी पाच जण होते: कृष्णराव, भुपेंद्र, रिता, उर्वशी आणि दाराजवळच्या बाकावर टीना. टेबलावर वड्या होत्याच.

"भैयाजी आणि ललिताबाईंबद्दलची वाक्यं तिघांपैकी एकानं हातानं काढली," उर्वशी म्हणाली. "रितानं नाही. तिला पेटीत भरता येतं, भरलेलं काढता येत नाही. बरोबर, भुपेंद्र?"

"हो. काढायचा अधिकार माझा आणि सरांचा."

"तुम्ही वडी घ्या."

भुपेंद्रनं घेतली आणि अर्धी चावली.

"त्यात लाखोळी आहे."

भुपेंद्र चावायचा थांबला. त्यानं उरलेली अर्धी वडी हातात धरून तिच्याकडं असं पाहिलं, जसं माणूस मित्राकडं पाहतो, पोलिसांनी त्याच्याबद्दल काही सांगितल्यावर.

"यांनी वाचलेलं नाही," उर्वशी म्हणाली. "वाचणारा माणूस कित्येक महिने त्या वड्या खात बसणार नाही. आता सर, तुम्हाला साखर कधी झाली?"

"हा खाजगी—"

"शिमग्यात झाली. प्रोग्राम चालला तेव्हाच. लाखोळीचं बायांनी फक्त रिताला सांगितलं होतं, रितानं फक्त पेटीला. तिसरीकडं ते कुठंच नव्हतं. तुम्ही एक ओळही वाचली नाही म्हणता, आणि तुमच्या पायांनी मात्र ती वाचली होती."

कृष्णराव चिडले नाहीत. प्राचार्य असताना कॉपी पकडलेल्या मुलाकडं ते ज्या क्षमाशील नजरेनं बघत, त्याच नजरेनं त्यांनी उर्वशीकडं पाहिलं.

"भैयाजींनी समाजमंदिराची भिंत बांधून दिली, पेटीला वीज दिली. त्यांच्या भिंतीवरून त्यांनाच चोर म्हणायचं? आणि ललिताबाईंचा फोटो आमच्या अहवालावर आहे. थोडं संपादन केलं. संपादन हा गुन्हा नाही."

"कौशल्याबाईचं वाक्य वाचलं होतं?"

"वाचलं."

"मग ते का ठेवलं?"

कृष्णराव खरोखर विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर पडला नसावा.

"काढायला काही कारण नव्हतं," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? बाहेरच्यांना असलं आवडतं. करणी, विद्या सासूकडून सुनेकडं जाणं. हेच तर लोकज्ञान. मुंबईच्या देणगीदार बाईंनी त्याचा मुद्दाम व्हिडिओ काढून नेला."

खालून मिलचा भोंगा वाजला.

"त्या वाक्याखाली आणखी काहीतरी होतं म्हणा," कृष्णराव पुढं म्हणाले. त्यांना आता मोकळं वाटत होतं. "ज्या बाईनं सांगितलं, तिनंच नंतर ते मागं घेतलं होतं. खोटं आहे, रागात बोलले, असं काहीसं. पण एकच बाई करणी करते आणि करत नाही, असं पेटी कसं सांगणार? मी भुपेंद्रला विचारलं. तो म्हणाला, म्हणण्यावरचं म्हणणं आपोआप गळून जातं."

भुपेंद्रनं अर्धी वडी ताटलीत ठेवली. "तुम्ही उदाहरण नव्हतं दिलं, सर. तुम्ही नुसतं विचारलं होतं."

"कोण बाई?" उर्वशीनं विचारलं.

"नाव कुठं लक्षात राहतं?"

रिता फरशीकडं पाहत होती. उत्तर दाराकडून आलं.

"मी," टीना म्हणाली.

"तू चूप राय वो," रिता पुटपुटली.

"आता कायले चूप राहू?" टीना उर्वशीकडं वळली. "पोटातलं गेलतं माह्या, म्याडम. भारे बांधून राहिलो होतो आमी. रिता म्हने, काहून रडतेस? मी म्हनलं, माही सासू करनी करते, तिनंच खाल्लं माहं लेकरू. मनात होतं तेच बोलली मी. खोटं नाई सांगत." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग बुढीनं महिनाभर मले उठू नाई देल्लं. आंगोय घालून देये, हातानं जेवू घाले. रिता पुन्हा आली तं मी वावरातून धावत गेली. म्हनलं, मी बोलली ते खोटं होय, हेबी लिवून घे. घेतलं ना वो?"

"घेतलं," रिता म्हणाली. "आवाजबी हाय तुहा, रेकॉर्डरात."

"बुढीले मी कधी सांगतलं नाई. बुडवून राहिले होते तं विचारे, मी काय केलं रे बाप्पा, कोन सांगतलं तुमाले. मी पाळीवर होती. मलेच धरून ठेवलं होतं दोघायनं."

५. दुसरं वाक्य

कृष्णरावांवर कोणतं कलम लावावं, याबद्दल वरून अभिप्राय मागवला गेला. अभिप्राय देणाऱ्यांनी आधी ती पेटी म्हणजे काय, याबद्दल अभिप्राय मागवला. दरम्यान प्रतिष्ठानानं कौशल्याबाईला श्रद्धांजली वाहिली. कार्यक्रमात वड्या होत्या.

उर्वशीच्या हातात पेटी तेवढी होती. जप्तीच्या धाकानं भुपेंद्र सांगेल ते करायला तयार होता.

"सगळं पुसून टाकू," ती टीनाला म्हणाली. "तिचंही, तुझंही. विचारलं की पेटी म्हणेल, नोंद नाही."

"मंग गाव म्हनंल, पोलिसायनं पेटीचं तोंड दाबलं. आन् ज्याच्यासाठी दाबलं ते मीच. दुसरं काय होते?"

भुपेंद्रनं घसा साफ केला. "म्हणणाऱ्याच्या नावासकट पुन्हा टाकता येईल. दोन्ही म्हणणी. मग मशीन ते खरं धरणार नाही, आणि विद्या तुझ्याकडं आली असंही काढणार नाही. पण तुझं नाव घेईल."

"घेऊ द्या," टीना म्हणाली.

"विचार कर," उर्वशी म्हणाली. "आज तू बळी आहेस. उद्या त्या गावात तू कोण होशील, ते मला सांगता येणार नाही."

"मले येते सांगता. टाका."

नवी रीत बांधायला वेळ लागणार होता. म्हणून भुपेंद्रनं जुन्याच, हळू रीतीनं ती वाक्यं परत भरली. एकाखाली एक, ओळींवर ओळी, सगळ्या गावाची सगळी म्हणणी, म्हणणाऱ्यांसकट.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाया-माणसं चिखलाच्या पायांनी समाजमंदिरासमोर जमली. पुढं भैयाजी खुर्चीवर बसले, बाजूला ललिताबाई. बटण टीनानंच दाबलं.

"मोहटोलीत करनी कोन करते?"

पडद्यावर गोल फिरू लागलं. ते फिरतच राहिलं. लोकांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. कोणीतरी तंबाखू मळायला घेतली, मळून झाली, खाऊन झाली.

"टीना म्हणाली, की कौशल्याबाई करणी करते," पेटी म्हणाली आणि पुन्हा गोल फिरू लागलं.

गर्दीतून एक हुंकार गेला. भैयाजी खुर्चीवरून उठले.

"झालं. घरच्या सुनेनंच सांगतलं होतं, आन् पोट्टे गेले जेलात."

"थांबा," उर्वशी म्हणाली. "अजून आहे."

"अजून काय राह्यलं, म्याडम? रोवना तसाच पडला हाय."

"थांबा म्हणते ना."

अडवायला तिच्याजवळ एक शिपाई होता, आणि ऐकून घ्यायची सक्ती करणारं कलम कायद्यात नव्हतं. माणसं बांधाकडं वळली. मोनूच्या बायकोनं जाता जाता टीनासमोर थांबून तिच्याकडं नीट पाहिलं आणि पायाशी थुंकली. ताराबाई सगळ्यांत शेवटी निघाली. तिला ऐकायचं होतं, पण उन्हात उभं राहवेना.

पडद्यावर गोल फिरत होतं. ओट्यासमोर चिखलाच्या पावलांची वाट तेवढी उरली.

"टीना म्हणाली," पेटी म्हणाली, "की कौशल्याबाई करणी करते असे जे टीना म्हणाली, ते खोटे आहे. आपला दिवस चांगला जावो."

टीनानं ते डोळे मिटून ऐकलं. आवाज गोड होता. शब्द बरोबर होते, एकही गळाला नव्हता. उर्वशी गाडीकडं निघाली आणि तिनं मागं पाहिलं, तर टीना तिथंच उभी होती.

"चल. इथं नको राहूस. मी सोडते तालुक्याला, पवनीला."

"थांबा ना म्याडम जरासं. अजून एकदा आयकते."

दुसरं वाक्य ऐकायचं, तर आधी पहिलं ऐकावं लागत होतं. टीनानं बटण दाबलं.